हल्ला कुणावर, निशाणा कुणावर? दहशतवादामागचं गणित

२६/११ च्या हल्ल्यात जिवंत पकडला गेलेल्या अजमल कसाबच्या ओळखपत्रावर नाव होतं समीर दिनेश चौधरी. कार्डानुसार तो हैदराबादच्या एका कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्या साथीदारांकडेही अशीच खोटी, हिंदू नावांची कार्डं होती. हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयात व्हिडिओ लिंकवरून साक्ष दिली. मनगटाला बांधायचे लाल धागे सिद्धिविनायक मंदिराच्या परिसरातून विकत घेऊन पाकिस्तानात पोचवले, असं त्याने त्या साक्षीत सांगितलं.

माणसं मारायला आलेल्याला ओळखपत्र कशाला लागतं? मारायला बंदूक पुरते. ते कार्ड मेल्यानंतरसाठी होतं. दहाही जण मरणार, मृतदेहांवर धागे आणि खिशात भारतीय कार्डं सापडणार, ‘डेक्कन मुजाहिदीन’ नावाच्या कधी कुणी न ऐकलेल्या गटाचा ईमेल वृत्तवाहिन्यांना जाणार, आणि मग हे आपल्यातल्याच कुणाचं काम यावर भारतीय आपसात भांडत बसणार, असा तो डाव होता. नरिमन हाऊसमधून एका हल्लेखोराने टीव्ही चॅनेलला फोन केला तोही आपण भारतीय मुसलमान असल्याचा आव आणून.

दहशतवाद समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी. गोळी लागते एकाला, पण ती झाडलेली असते बघणाऱ्यासाठी. ब्रायन जेन्किन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकातच हे मांडलं होतं: दहशतवाद्यांना खूप माणसं मेलेली नको असतात, खूप माणसं बघत असलेली हवी असतात. पुढे ११ सप्टेंबर २००१ ला जवळपास तीन हजार माणसं मेली आणि त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग जुना झाला. काही संघटनांना आता दोन्ही हवं असतं. दुसरा अर्धा भाग मात्र अजून तसाच खरा आहे.

दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या संयुक्त राष्ट्रांनाही आजवर करता आलेली नाही, कारण एका देशाचा अतिरेकी दुसऱ्याला स्वातंत्र्यसैनिक वाटतो. भारतात यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम १५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११३ ही व्याख्या करतात. दोन्हींचा गाभा असा की देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, सार्वभौमत्व किंवा आर्थिक सुरक्षा धोक्यात आणण्याच्या, नाहीतर लोकांत दहशत पसरवण्याच्या हेतूने केलेली हिंसा. म्हणजे कायदाही किती मेले याच्याआधी हेतू काय होता ते विचारतो. हा हेतू कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही. श्रीलंकेतले तमिळ वाघ धर्मासाठी लढत नव्हते. नॉर्वेत २०११ मध्ये ७७ जणांना मारणारा आणि न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये २०१९ मध्ये ५१ जणांना मारणारा हे दोघंही गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाने पछाडलेले होते.

संघटनेला काय मिळवायचं असतं

‘माथेफिरू’ हा शब्द आपल्या बातम्यांत फार सहज येतो. एखादा हल्लेखोर माथेफिरू असेलही. पण संघटना चालवणाऱ्याला पगार वाटायचे असतात, घरं सांभाळायची असतात, नवी पोरं भरती करायची असतात. तो हिशेबी असतो. अँड्र्यू किड आणि बार्बरा वॉल्टर या अभ्यासकांनी २००६ मध्ये या हिशेबाचे पाच प्रकार मांडले. ते आजही उपयोगी पडतात, कारण कुठलाही हल्ला झाला की ‘यातला कुठला?’ असं विचारता येतं.

पहिला, झिजवणं. समोरच्याला इतका खर्च करायला लावायचा की तो कंटाळून निघून जाईल. ऑक्टोबर १९८३ मध्ये बैरूतमध्ये स्फोटकांनी भरलेला ट्रक अमेरिकी सैनिकांच्या इमारतीवर घातला गेला, त्यात २४१ अमेरिकी मेले. काही महिन्यांत अमेरिकेने लेबनॉनमधून सैन्य काढून घेतलं. जगभरच्या संघटनांनी हा धडा पाठ केला.

दुसरा प्रकार धाक घालण्याचा, आणि त्याचा प्रेक्षक सरकार नसून गावकरी असतो. गडचिरोलीत माओवाद्यांनी ‘पोलिसांचा खबरी’ म्हणून गावकऱ्यांना मारून मृतदेहाजवळ पत्रकं टाकण्याचे प्रकार वर्षानुवर्षं केले. ते पत्रक मेलेल्यासाठी नसतंच. दुसऱ्या दिवशी तिथून जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावं म्हणून ते असतं.

तिसरा, डिवचणं. हा सगळ्यांत धूर्त. सरकारला इतकं चिडवायचं की ते सरसकट धरपकड करेल, निरपराधांना ठोकेल, आणि काल तटस्थ असलेला समाज आज संघटनेकडे वळेल. इथे दहशतवाद्याचं खरं शस्त्र सरकारच्या हातात असतं. तो फक्त ते चालवायला लावतो. चौथा प्रकार बोलणी उधळण्याचा. २६ नोव्हेंबर २००८ ला पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी चर्चेसाठी दिल्लीत होते. २५ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधान मोदी अचानक लाहोरला उतरले, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच, २ जानेवारीला, पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. हल्ल्यांची तयारी आधीपासूनच चालू असते, त्यामुळे तारखा जुळल्या म्हणजे हेतू सिद्ध झाला असं नाही. पण चर्चा चालू राहिली तर ज्यांचं दुकान बंद होतं त्यांना चर्चा नकोच असते. पाचवा प्रकार आपल्याच गोटातल्या प्रतिस्पर्ध्यावर कडी करण्याचा. तमिळ वाघांनी १९८६ मध्ये टेलो ही दुसरी तमिळ संघटनाच चिरडून टाकली, आणि मग तमिळांचे एकमेव तारणहार आपणच, असा दावा केला.

एकाच हल्ल्यात यातले दोन-तीन हेतू मिसळलेले असतात. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घातल्या. २६ जण गेले, त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून महाराष्ट्रातले सहा. पर्यटनावर उभं राहत असलेलं काश्मीरमधलं सुरळीतपण मोडणं हा एक हेतू. धर्म विचारण्यामागे दुसरा होता: उरलेल्या भारतात त्याची प्रतिक्रिया उमटावी. त्या दिवशी हल्लेखोरांना अडवताना मेलेला एक जण स्थानिक मुसलमान घोडेवाला होता. डावातला हा भाग बिघडवणारी ती गोष्ट, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगायला हवी.

पोरगा तिथे पोचतो कसा

गरिबीमुळे माणूस दहशतवादी होतो, हे उत्तर ऐकायला बरं वाटतं पण पुराव्यात टिकत नाही. तसं असतं तर जगात कोट्यवधी दहशतवादी असते. उलट इस्लामी अतिरेकी गटांच्या अभ्यासात अभियंत्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आढळलं आहे. दुसरं लाडकं उत्तर ‘ब्रेनवॉश’. त्याने काहीच उलगडत नाही, फक्त घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आपली सुटका झाल्यासारखी वाटते.

मार्क सेजमन हे मानसोपचारतज्ज्ञ. अल-कायदाशी जोडलेल्या माणसांच्या चरित्रांचा त्यांनी अभ्यास केला, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. बहुतेक जण विचार वाचून संघटनेत गेले नव्हते. मित्राबरोबर, भावाबरोबर, मेव्हण्याबरोबर गेले होते. आधी टोळकं जमतं, विचार मागून येतो. टोळक्यात एकमेकांवर कडी करत बोलणं तापत जातं, बाहेरच्यांशी संबंध तुटतात, आणि मग मागे फिरणं म्हणजे मित्रांशी दगा ठरतं.

कसाबची वाट आणखी खालून जाते. त्याच्या कबुलीजबाबाप्रमाणे तो पाकिस्तानी पंजाबातल्या फरीदकोट गावचा, लहानपणी शाळा सुटलेला, मजुरी केलेला. झेलमला एका डेकोरेटरकडे काम करत असताना त्याला आणि एका मित्राला दरोडे घालून पैसा करायची कल्पना सुचली. शस्त्रं मिळवायला दोघं रावळपिंडीला गेले आणि लष्कर-ए-तोयबाच्या माणसांपर्यंत पोचले, कारण हत्यार चालवायचं शिक्षण तिथे फुकट मिळत होतं. म्हणजे जिहादचा विचार त्याला तिथे गेल्यावर मिळाला. प्रशिक्षणही त्याच क्रमाने रचलेलं होतं. पहिला ‘दौरा-ए-सूफा’ २१ दिवसांचा, मुख्यतः धार्मिक. मग ‘दौरा-ए-आमा’, हत्यारांची तोंडओळख. त्यानंतर काही महिन्यांचा ‘दौरा-ए-खास’. प्रत्येक टप्प्यावर पोरं गाळली जातात. शेवटी उरतो तो घरापासून तुटलेला, आज्ञा पाळायला सरावलेला मुलगा. शिकवणारे मरायला जात नाहीत, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत बोट समुद्रात गेलेली असते.

इंटरनेटने या वाटेतलं शिबिर वगळलं. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला उतरले आणि तिथून इसिसकडे गेले. शिकलेली, मध्यमवर्गीय घरातली मुलं. तिथेही एकटा कुणी गेला नव्हता. मित्रांचा गट होता, फक्त त्याला पेटवणारं साहित्य पडद्यावरून आलं. एकट्याने हल्ला करणाऱ्यांवरच्या संशोधनात एक गोष्ट मात्र वारंवार दिसते. निम्म्याहून अधिक प्रकरणांत घरच्यांपैकी किंवा मित्रांपैकी कुणाला तरी आधी कल्पना होती. बोलले नाहीत, कारण ‘पोलिसांत गेलो तर पोराचं आयुष्य बरबाद’ ही भीती. महाराष्ट्र एटीएसने समुपदेशनाचा मार्ग काढला तो नेमका याच भीतीवर: गुन्हा घडण्याआधी आलेल्या मुलाला तुरुंगाआधी समजावून परत आणता येतं, असा भरवसा आईबापाला मिळाला तरच ते दार ठोठावतात.

एक हल्ला उलगडून पाहिला तर

२६/११ चा जितका तपशील न्यायालयांत आला तितका फार थोड्या हल्ल्यांचा आला असेल. त्यात सगळ्यांत मोठा भाग गोळीबाराचा नाही, टेहळणीचा आहे. हेडलीचं मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्याने अमेरिकेत नाव बदलून घेतलं, म्हणजे पासपोर्टवर ना मुस्लिम नाव राहिलं ना पाकिस्तानी वळण. ताडदेवला इमिग्रेशन सल्ल्याचं ऑफिस थाटून तो बसला. हल्ल्याआधी त्याने अनेक खेपा केल्या, ताजमध्ये उतरला, चित्रफिती काढल्या, बोटीतून फिरून किनाऱ्यावर उतरायच्या जागा पाहिल्या आणि जीपीएसवर नोंदवल्या. आयएसआयच्या ‘मेजर इक्बाल’ने या कामासाठी २५ हजार डॉलर दिल्याचं त्याने सांगितलं. ज्याचं कागदपत्र स्वच्छ, इंग्रजी अमेरिकी आणि वागणं सैल, अशा माणसाकडे कुणी दोनदा पाहत नाही.

अशा कटांत अपयशंही भरपूर असतात, ती आपल्याला दिसत नाहीत इतकंच. हेडलीच्या साक्षीप्रमाणे याआधीचे दोन प्रयत्न फसले होते. एकदा तर बोटच खडकावर आपटली. नोव्हेंबरात दहा जण कराचीहून निघाले, २३ तारखेला ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी बोट त्यांनी समुद्रात ताब्यात घेतली. तिच्यावरच्या चार खलाशांना मारलं, तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, अमरसिंह सोळंकी यांना बोट चालवायला जिवंत ठेवलं आणि मुंबई दिसू लागल्यावर त्यांनाही मारलं. रबरी होडीतून रात्री ते कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ उतरले. तिथल्या मच्छीमारांनी त्यांना हटकलं होतं. अनोळखी, पाठीवर जड सॅक घेतलेली पोरं या वेळी इथे कशाला, हा प्रश्न मुंबईत सगळ्यांत आधी कोळ्यांना पडला.

पुढच्या चुका हल्लेखोरांच्या. कुबेर बुडवायची ठरलं होतं, ती बुडवली नाही. तिच्यावर सॅटेलाइट फोन आणि जीपीएस राहिले. कराचीपासूनचा मार्ग तपास यंत्रणांच्या हाती आयता लागला.

मग दोघादोघांच्या पाच जोड्या. सीएसटी, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस. त्यात टॅक्सींत ठेवलेले वेळ लावलेले बॉम्ब वाडीबंदर आणि विलेपार्ले इथे फुटले. शहरभर एकाच वेळी घटना घडल्या की हल्लेखोर किती आहेत हेच पोलिसांना कळत नाही, नियंत्रण कक्षाचे फोन तुंबतात, कुमक विखुरते. दहा माणसं शंभरासारखी भासतात.

पण या हल्ल्याला सुमारे ६० तास ओढणारी गोष्ट होती कराचीतली खोली. तिथे बसलेले हँडलर इंटरनेट फोनवरून हल्लेखोरांशी बोलत होते, आणि समोर भारतीय वाहिन्या चालू होत्या. त्या खोलीतला एक आवाज बीड जिल्ह्यातल्या झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदालचा असल्याचं पुढे तपासात निघालं. हल्लेखोर ताजच्या श्रीमंतीनेच भांबावले होते. हँडलर त्यांना आग लावा म्हणून मागे लागले होते. कारण साधं आहे. खोलीत झालेला गोळीबार कॅमेऱ्यात दिसत नाही. घुमटाखालून निघणाऱ्या ज्वाळा दिसतात. २८ तारखेला सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे एनएसजीचे कमांडो जगाने थेट पाहिले, तसे कराचीनेही पाहिले. कसाब पकडला गेल्याची बातमीही त्यांना टीव्हीवरूनच कळली, आणि ओलिसांच्या बदल्यात त्याला सोडवता येतं का याची चाचपणी सुरू झाली.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम करताना वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी आली. कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच दाखवायचं. वाहिन्यांना हा नियम लागू आहे. गच्चीत मोबाइल घेऊन उभ्या राहणाऱ्याला आवरायला मात्र असा कुणी संपादक नसतो, आणि आज धोका तिथे आहे. क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराने तर फेसबुकवर स्वतःच थेट प्रक्षेपण केलं. तिथल्या पंतप्रधानांनी त्याचं नाव उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं, ते भावनेच्या भरात नव्हे. प्रसिद्धी हेच ज्याचं भांडवल, त्याला ते द्यायचं नाही असा तो निर्णय होता.

आणि गिरगाव चौपाटी. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचे, हातात काठी. नाक्यावर अडवलेल्या स्कोडातून उतरलेल्या कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेत सोडली नाही. एवढ्यात बाकीच्या पोलिसांनी त्याला धरला. शौर्य म्हणून ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तिचा डावावर काय परिणाम झाला ते कमी सांगितलं जातं. दहावा माणूस जिवंत राहिला म्हणून समीर चौधरीचा अजमल कसाब झाला, फरीदकोट नकाशावर आलं, आणि ‘डेक्कन मुजाहिदीन’ एका रात्रीत बाद झाले. दुसरा धक्का मुंबईच्या मुसलमानांनी दिला. मेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या विश्वस्तांनी साफ नकार दिला. आपसात भांडणं लावायचा हेतू तिथेच फसला. बोलणी उधळायचा हेतू मात्र साधला. भारत-पाकिस्तान चर्चा थांबली, ती पूर्ण स्वरूपात पुन्हा सुरू व्हायला २०११ उजाडलं.

पैसा: किती आणि कसा

हल्ला स्वस्त असतो, संघटना महाग असते. लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला ५२ जणांचा जीव घेणाऱ्या हल्ल्याला आठ हजार पौंडांपेक्षा कमी खर्च आला, असं ब्रिटिश सरकारचा अहवाल सांगतो. ११ सप्टेंबरचा खर्च अमेरिकी चौकशी आयोगाने चार ते पाच लाख डॉलर काढला. भाड्याचा ट्रक घुसवणाऱ्याला तर जवळजवळ काहीच लागत नाही. नीसमध्ये २०१६ साली एका ट्रकने ८६ जण मारले. त्यामुळे ‘पैशाचा माग काढा’ हा उपाय एका हल्ल्याला क्वचित थांबवतो. शिबिरं, पगार, मेलेल्यांच्या घरच्यांची पेन्शन, प्रचार, लाच या कायमच्या खर्चावर तो घाव घालतो.

पैसा येतो देणग्यांच्या पेट्यांतून, परदेशस्थ समाजाकडून उकळलेल्या ‘करा’तून, खंडणीतून. गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदारांकडून होणारी वसुली हे माओवाद्यांच्या उत्पन्नाचं जुनं साधन. सीमेपलीकडे पोचवायला हवाला. दुबईतला माणूस तिथल्या हवालेवाल्याला पैसे देतो; तो मुंबईतल्या जोडीदाराला रक्कम आणि खूण कळवतो, बहुधा एखाद्या नोटेचा नंबर. ती नोट दाखवणाऱ्याला इथे रक्कम मिळते. सीमेवरून एक पैसाही गेलेला नसतो. दोन हवालेवाल्यांतला हिशेब पुढे सोन्यात किंवा मालाच्या फुगवलेल्या बिलांत मिटतो. अडचण अशी की या वाटेने जाणारा बहुतांश पैसा आखातातल्या मजुरांनी घरी पाठवलेला असतो नाहीतर करबुडव्यांचा. त्या गर्दीत दहशतवादाची छोटी रक्कम वेगळी दिसत नाही.

देशांवर दबाव आणायचा मार्ग म्हणजे एफएटीएफ ही दहशतवादाच्या पैशावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तान तिच्या करड्या, म्हणजे जादा देखरेखीच्या, यादीत होता. लष्कर-ए-तोयबाचा संस्थापक हाफिज सईद याला पाकिस्तानी न्यायालयाने शिक्षा दिली ती याच काळात, आणि तीही दहशतवादाला पैसा पुरवण्याच्या खटल्यांत. २६/११ बद्दल नव्हे.

स्थानिक भ्रष्टाचार हा यातला सगळ्यांत स्वस्त पूल. १२ मार्च १९९३ ला मुंबईत २५७ जणांचा जीव घेणारं आरडीएक्स रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं. चांदी-सोन्याच्या चोरट्या मालासाठी वर्षानुवर्षं तयार झालेली वाट होती ती. लाच घेऊन डोळेझाक केलेल्या कस्टम्स आणि पोलिसांतल्या लोकांना पुढे शिक्षा झाल्या.

सरकारं कुठे चुकतात

२६/११ च्या वेळी समुद्रातून हल्ला होण्याच्या, ताज लक्ष्य असण्याच्या सूचना आधी येऊन गेल्या होत्या. पण अशा सूचना रोजच येतात, आणि तारीख-वेळ नसलेली सूचना फायलीत जाते. एनएसजी तेव्हा फक्त हरियाणातल्या मानेसरला होती. विमान, रस्ता, माहिती यांत रात्र गेली. नंतर मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रं झाली, राज्याने फोर्स वन उभारलं, एनआयए कायदा झाला, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. महाराष्ट्राचा शेकडो किलोमीटरचा किनारा नुसत्या गस्तीने राखता येत नाही, हे तिथे काम करणारा कुणीही सांगेल. कोळ्यांशी बोलणं चालू असलेला फौजदार हवा.

दुसरी चूक तपासातली, आणि ती जास्त खोल जाते. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं: कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड नियमाला धरून नाही, बॉम्ब नेमका कशाचा होता तेही सिद्ध झालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. त्याच महिन्यात २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून पुराव्याअभावी सुटले. दोन्हीकडे मेलेल्यांच्या घरच्यांना आजही उत्तर मिळालेलं नाही. घाईने कुणाला तरी उभं करण्याचा हाच धोका: न केलेला माणूस आत सडतो, केलेला बाहेर फिरतो, आणि डिवचण्याच्या डावाला जे हवं ते आयतं मिळतं.

मग हे संपतं कसं? रँड या अमेरिकी संस्थेने १९६८ ते २००६ मधल्या ६४८ गटांचा अभ्यास केला. संपलेल्या गटांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत आले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचर यंत्रणांनी मोडले, १० टक्के जिंकले, आणि लष्करी बळाने संपले ते ७ टक्के. तमिळ वाघही पुढे २००९ मध्ये लष्करी बळानेच संपले, आणि त्याची किंमत हजारो सामान्य तमिळांनी मोजली. गडचिरोलीत सी-६० या पोलिसांच्या कमांडो पथकाची दीर्घ कारवाई, रस्ते, आत्मसमर्पणाची योजना हे सगळं एकत्र चाललं, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा माओवाद्यांचा वरिष्ठ नेता साठ साथीदारांसह शस्त्रं ठेवून आला.

आपल्या हातात काय

बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, उघडून पाहू नका, हलवू नका. तिच्याजवळ उभं राहून मोबाइलवर बोलू नका. आधी लांब जा. ब्रिटिश पोलिसांचा ढोबळ नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: पाठीवरच्या सॅकएवढी वस्तू असेल तर किमान १०० मीटर, कार किंवा मोठी सूटकेस असेल तर २००, ट्रक असेल तर ४००. काचांपासून दूर, भिंतीआड. मग ११२ ला फोन: नेमकी जागा, वस्तूचं वर्णन, किती वेळापासून आहे.

गोळीबार ऐकू आला तर क्रम पळा, लपा, कळवा. पळायला वाट असेल तर सामान टाकून पळा. नसेल तर दार लावून, अडसर सरकवून, फोनचा आवाज आणि व्हायब्रेशन दोन्ही बंद करून गप्प बसा. सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी हल्लेखोर कुठल्या बाजूला आहेत ते केबिनमधून पाहून प्रवाशांना माइकवरून दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं. पळणाऱ्याला सगळ्यांत जास्त गरज असते ती कुठे पळायचं नाही या माहितीची.

स्फोटानंतर बघायला धावू नका. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये जखमींना जिथे आणलं जात होतं त्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येच पुढचे स्फोट झाले. गर्दी जमेल तिथे दुसरा बॉम्ब ठेवणं ही जुनी रीत आहे. जखमीजवळ असालच तर वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोर देऊन दाबून धरा आणि मदत येईपर्यंत सोडू नका. कापड काढून ‘थांबलं का’ असं बघितलं की पुन्हा सुरू होतं. जखमेत काही रुतलेलं असेल तर ते उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

तुमच्या फोनमध्ये चित्रीकरण असेल तर ते कुठल्या ग्रुपवर टाकू नका, मूळ फाइल तशीच पोलिसांना द्या. फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओत वेळ आणि ठिकाणाची नोंद बहुधा उरत नाही, म्हणून तपासाला मूळ प्रतच लागते. पोलीस कुठे उभे आहेत, लोक कुठे लपलेत हे दाखवणारा व्हिडिओ तर कारवाई संपेपर्यंत कुणालाच पाठवू नका, अगदी घरच्यांनाही.